हात आवरण्याचे शास्त्र

वैद्यकीय एस्थेटिशियन, म्हणजे त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली केमिकल पील, लेझर आदी उपचार करणारी प्रशिक्षित व्यक्ती, ही पार्लर आणि दवाखाना यांच्या शिवेवर नांदत असल्यामुळे तिला दोन्ही घरचे नियम पाळावे लागतात आणि दोन्ही घरची बोलणीही खावी लागतात. हा अभ्यासक्रम निवडणाऱ्या विद्यार्थिनीची सर्वसाधारण समजूत अशी असते की, येथे चेहरा सुंदर करायला शिकवतात. प्रत्यक्षात मात्र शिक्षणाचा मोठा हिस्सा चेहऱ्याला हात केव्हा लावू नये हे शिकण्यातच खर्ची पडतो, आणि एवढी फी भरून हात आवरायला शिकायचे, ही गोष्ट पालकांच्या गळी उतरवणे हा अभ्यासक्रमात नसलेला, तरी सर्वांत अवघड विषय ठरतो.

आरंभ बाह्यत्वचेपासून होतो. तिच्या तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत, चपटी आणि निर्जीव होत अखेर झडून जाते, आणि या प्रवासाला तरुण वयात साधारण २८ दिवस, तर उतारवयात त्याहून अधिक काळ लागतो. हे पाठ होताच विद्यार्थिनीच्या ध्यानात येते की, हे वेळापत्रक आखताना निसर्गाने रविवारच्या साखरपुड्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी उगवणाऱ्या मंडळींचा विचार मुळीच केलेला नाही.

पुढे वर्णाचे वर्गीकरण येते. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या आणि नंतर सहा प्रकारांपर्यंत विस्तारलेल्या वर्गीकरणात त्वचा उन्हाने भाजते की काळवंडते, हे मुख्यत्वे पाहिले जाते, आणि बहुतेक भारतीय त्वचा त्यातील चौथ्या-पाचव्या प्रकारात बसते. विवाहविषयक जाहिरातींतील ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’, ‘उजळ’ आणि ‘स्मार्ट’ ही प्रतवारी याहून पुष्कळ सूक्ष्म असली, तरी तिच्यावरून लेझरची मात्रा ठरवता येत नाही, एवढीच तिची शास्त्रीय उणीव होय.

केमिकल पील म्हणजे आम्लाच्या साहाय्याने त्वचेचा वरचा थर बेताने काढणे. त्यातील ग्लायकोलिक आम्ल उसात आढळते आणि लॅक्टिक आम्ल दह्यात, हे कळताच “मग आमची आजी वेगळं काय करत होती?” असा प्रश्न वर्गात निघतोच. आजीचे दही फार तर ओघळून पदरावर सांडत असे. उलट तीव्र ग्लायकोलिक आम्ल ठरल्या मिनिटाला सोड्याच्या द्रावणाने शमवले नाही, तर ते गाल भाजते, आणि गव्हाळ त्वचेवरचा असा डाग महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो, हा त्यातील फरक आहे.

लेझरचा प्रकाश केसातील मेलॅनिन या रंगद्रव्यात शोषला जाऊन केसाच्या मुळाशी उष्णता निर्माण करतो; परंतु सावळ्या त्वचेतही तेच रंगद्रव्य भरपूर असल्याने, तेथे खोलवर जाणारी आणि त्वचेतील मेलॅनिनमध्ये कमी शोषली जाणारी १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी अधिक सुरक्षित मानतात. केस वाढीच्या अवस्थेत असतानाच हा उपाय लागू पडतो आणि सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा यावे लागते. पांढऱ्या केसात मात्र रंगद्रव्यच नसल्यामुळे, मावशींच्या हनुवटीवरचा जो केस त्यांना वर्षानुवर्षे छळत आला आहे, नेमका तोच त्या महागड्या यंत्राला दिसत नाही, आणि अखेर चिमटाच कामी येतो.

प्रात्यक्षिके आधी मैत्रिणींवर होतात, आणि वर्गातील सर्व नाकांवरचे ब्लॅकहेड संपले की मोर्चा घराकडे वळतो. पेपर वाचत बसलेल्या काकांच्या नाकावर भिंगाचा दिवा रोखला जातो. “अगं, माझं लग्न झालंय आता,” हा त्यांचा बचाव ग्राह्य धरला जात नाही. लग्नसमारंभातही या विद्यार्थिनीचा हात अक्षता टाकत असतो, परंतु नजर वरमाईच्या गालावरील वांगाकडे, म्हणजे रंगद्रव्य साचून उमटलेल्या तपकिरी चट्ट्याकडे, लागलेली असते.

खरी कसोटी उपचारापूर्वीच्या माहितीपत्रकावर लागते. “काही औषध चालू आहे का ताई?” या प्रश्नाला “छे हो” असे ठणठणीत उत्तर मिळते, आणि सही झाल्यावर पर्समधून स्टिरॉइडयुक्त मलमाची, तळापासून गुंडाळत आणलेली ट्यूब निघते. “हे औषध थोडंच आहे? मेडिकलवाल्यानं दिलंय, गोरं व्हायला!” अशी मलमे डॉक्टरांच्या सल्ल्याविना महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ आणि लाल होते, मुरमे उठतात, मलम बंद करताच आग अधिकच होते, आणि अशा चेहऱ्याला पीलची नव्हे, तर त्वचारोगतज्ज्ञाची गरज असते. समोर पैसे मोजायला तयार असलेल्या ग्राहकाला नम्रपणे उपचार नाकारून डॉक्टरांच्या खोलीकडे पाठवणे जिला जमले, तिचे शिक्षण पूर्ण झाले असे मानावे. प्रमाणपत्र ही त्यानंतरची औपचारिकता होय.

मात्र या शिक्षणाचा अर्धा भार ग्राहकानेच उचलायचा असतो. म्हणून वाचकांनी कार्याच्या दोन-तीन महिने आधी क्लिनिकची पायरी चढावी, कानामागे थोडे औषध लावून चाचणी करून घ्यावी, “आज काही करायला नको” असे सांगणाऱ्या मुलीवर रागावू नये, आणि घरातली ट्यूब सही करण्यापूर्वीच पर्समधून बाहेर काढावी.