मधल्याला माफी

ती. आण्णा आणि ती. सौ. आई,

रविवारच्या फोननंतर आईंचा डोळ्याला डोळा लागला नाही असं सुनीलभावजींनी कळवलं, म्हणून कुकर लावून पत्राला बसलेय. फोनवर तुमचे थोरले चिरंजीव शेजारीच उभे असतात, मला धड बोलू देत नाहीत. तर आधी महत्त्वाचं. यांची नोकरी शाबूत आहे, तब्येत ठणठणीत आहे, डोकं होतं तसंच आहे. चिंटूनं "बाबा रात्री काठीला दोरा गुंडाळत बसतात" एवढंच सांगून फोन कार्टूनकडे वळवला आणि तुम्ही उदगीरबाबाला नारळ कबूल करून बसलात. नारळ फोडाच, देवाचं देणं ठेवू नये. पण करणीबिरणी काही नाही. हे मासे धरायची काठी घरी तयार करतायत.

आई, माळेवरचा हात काढा. मासा घरात येत नाही. हे तो धरतात, खालच्या जबड्याला अंगठा लावून उचलतात, वजन करतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. "मग धरायचा तरी कशाला?" असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. उत्तरादाखल यांनी मला रिळाचा गिअर रेशो समजावून सांगितला.

माशाचं नाव बास. आपल्या मरळीसारखीच याची चाल, शेवाळात नाहीतर बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी दबा धरून बसायचं आणि बेडूक समोरून गेला की झडप घालायची. यात अंडी-पिल्लं राखायचं काम बाप करतो. हे वाक्य मी यांच्या पुस्तकातून घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी ऐकल्याचं दिसलं नाही.

(कुकर झाला. भात लावलाय, पार्सलमधल्या येसराची आमटी करणार आहे. येसराची पुडी फुटून सगळ्या पार्सलला वास लागला होता, जवसाची चटणी आणि चिंटूचा सदरा दोन्ही एकाच चवीचे झालेत. पुढच्या वेळी दुहेरी पिशवी करा, पण पाठवायचं थांबू नका.)

आता काठीचं. नांदेडला गोवर्धन घाटावर पोरं वेळूच्या काठीला तंगूस बांधायची, चिपाडाच्या भेंडाचा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवायची आणि कणकेच्या गोळीवर मासे काढायची. सगळा खर्च काय तो आईच्या कणकेचा. इथं टेक्सासात दुकानात काठ्यांची अख्खी भिंत असते आणि प्रत्येकीच्या अंगावर बारीक अक्षरात तिची कुंडली छापलेली असते: लांबी ७ फूट, पॉवर मीडियम-हेवी, ॲक्शन फास्ट, दोरी अमुक पौंडाची, आमिष तमुक औंसाचं. पॉवर म्हणजे काठी किती जोर लावल्यावर वाकते आणि ॲक्शन म्हणजे कुठून वाकते. फास्ट असली तर नुसता शेंडा वाकतो, मॉडरेट असली तर पार कंबरेपासून. रबरी किडा तळाशी सरपटवायचा असेल तर फास्ट हवी, कारण माशानं तोंड लावलं की गळ तिथल्या तिथं रुतवावा लागतो. तीन काट्यांचे गळ लावलेला खोटा मासा ओढायचा असेल तर मऊ हवी, नाहीतर हिसक्यानं गळ तोंडातून निसटतो. म्हणजे एका माणसाला एक काठी पुरत नाही, हे ओघानं आलंच.

मी वरच्या रांगेतल्या एका काठीची चिठ्ठी उलटून पाहिली. साडेपाचशे डॉलर! इतकी वर्षं झाली तरी माझं डोकं रुपयातच चालतं. हिशेब केला तर पन्नास हजाराला टेकले. नुसती काठी बरं का. रीळ वेगळं, दोरी वेगळी, किडे वेगळे. आण्णा, हाळीच्या बाजारात पन्नास हजारांत काय दावणीला येतं ते तुम्हीच सांगा. जे काय येईल ते सकाळी उठून निदान शेण तरी टाकेल. मी हे तिथंच मोठ्यानं म्हणाले. बाजूला एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना मराठी कळली नाही, पण यांचा चेहरा बघून विषय कळला असावा.

आणि यांच्याच पुस्तकात काय लिहिलंय बघा. जगातला सगळ्यात मोठा बास १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्यानं धरला, २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलो. मंदीचे दिवस, तो आणि त्याचा मित्र, दोघांत मिळून एकच काठी होती म्हणतात. मासा घरी नेऊन खाल्ला. पुढं २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात एकानं त्या वजनाशी बरोबरी केली, पण त्याला मागं टाकलेलं अजून कुणी नाही. हे मी यांच्यासमोर ठेवलं. म्हणाले, "म्हणूनच तर चांगली काठी पाहिजे."

मग ठरलं की घरी केली तर निम्म्यात होते. या निम्म्याची गोष्ट बबनकाकांच्या विहिरीसारखी आहे, आणखी काही लिहीत नाही.

त्यावरून आठवलं, काकांनी बोलेरो घेतली हे कळलं. अभिनंदन सांगा. २०२२ च्या उदगीरच्या साहित्य संमेलनापासून ते कवी झालेत ते झालेतच, पण आता गाडी दाखवायला नेतो म्हणून माणसाला आत बसवतात आणि शेल्हाळ फाट्यापर्यंत कविता ऐकवतात, हे नंदाताईंनी सांगितलं तेव्हा मी भांडी घासता घासता खाली बसले. उदगीर जिल्हा झाल्याशिवाय दाढी करणार नाही म्हणाले होते, त्याचं काय झालं?

तर काठी. आधी नुसती ग्राफाइटची पोकळ कांडी विकत आणायची, तिला ब्लँक म्हणतात. बूड ओट्यावर टेकवायचं, मधोमध दाबून वाकवायची आणि हळूहळू फिरवायची. फिरता फिरता एका जागी ती आपोआप गर्रकन वळून बसते. तिथं तिचा कणा. त्या रेघेवर खूण करून मगच पुढचं काम. मग बुचाच्या चकत्यांची मूठ, रीळ बसवायची खोबण, आणि दोरी ओवायला शेंड्यापर्यंत एकापुढं एक लहान होत जाणाऱ्या कड्या. या कड्या कुठं बसवायच्या हे ठरवायला यांनी काठी दाराला बांधली, शेंड्याला चिंटूची पाण्याची बाटली लटकवली आणि दोरीचा बाक बघत तासभर जमिनीवर पालथे पडले होते. तेवढ्यात पोस्टमन आला. त्यानं बघितलं आणि काही न बोलता पाकीट ठेवून गेला.

चिंटू सांगत होता तो दोरा म्हणजे हा: प्रत्येक कडीचे दोन्ही पाय नायलॉनच्या बारीक दोऱ्यानं काठीला बांधायचे. वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये केसाएवढी फट राहू द्यायची नाही. राहिली तर उलगडून परत पहिल्यापासून. त्यावर इपॉक्सी, दोन बाटल्यांतलं बरोबर निम्मं निम्मं, त्यासाठी लेकराच्या औषधाच्या पिचकाऱ्या गेल्या. आणि ते वाळेपर्यंत ओघळू नये म्हणून काठी रात्रभर एका छोट्या मोटारीवर फिरत राहते, निखाऱ्यावर कणीस फिरवावं तशी. माझ्या जेवणाच्या टेबलावर! आम्ही आठवडाभर सोफ्यावर जेवलो.

मुठीच्या वर मात्र यांनी लाल-पिवळ्या दोऱ्यात एक पट्टा विणलाय. मी विचारलं, हा कशाचा नमुना? म्हणाले, असाच. आई, तुमच्या लग्नातल्या इरकलीचा काठ आहे तो. मी लगेच ओळखला, बोलले नाही.

(इथं थांबले होते. वॉशिंग मशीन वाजलं, चिंटूचा गृहपाठ, मग फोनवर लातूरची वन्सं. त्यांच्या सासूबाईंचं आणि मोलकरणीचं फिसकटलं हे तुम्हाला कळलं असेलच. दोष सासूबाईंचा आहे, पण मी म्हणाले असं सांगू नका.)

आण्णा, हा भाग खास तुमच्यासाठी. इथलं गिअरचं रीळ पहिल्यांदा कुणी केलं माहीत आहे का? घड्याळजीनं! दोनशे वर्षांपूर्वी केंटकीत जॉर्ज स्नायडर म्हणून एक घड्याळं दुरुस्त करणारा आणि चांदीकाम करणारा होता. त्यानं चाकात चाक घालून रीळ केलं, मूठ एकदा फिरवली की दोरीची फिरकी अनेकदा फिरायची. आजही तेच, फक्त आकडा वाढला. एका फेऱ्याला पाच ते आठ फेरे. आणि इथं पोराबाळांच्या हातात जे बटण दाबायचं झाकणाचं रीळ असतं, तेही आमच्या टेक्सासच्याच आर. डी. हल नावाच्या घड्याळजीचं, १९४९ मधलं. किराणा दुकानदार पुडा बांधायला स्थिर रिळावरून दोरा भराभर ओढतो, रीळ मात्र फिरत नाही, ते बघून त्याला सुचलं म्हणतात. ते घेऊन तो ओक्लाहोमात तुलसा गावच्या एका कंपनीकडं गेला. ती कंपनी तेलविहिरींत उडवायचे बॉम्ब करायची, नाव झिरो अवर बॉम्ब कंपनी. त्या नावाचंच पुढं झेब्को झालं. जुनं नाव छापलेलं रीळ राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना भेट म्हणून गेलं तेव्हा पहारेकऱ्यांनी ते पाण्याच्या बादलीत बुडवलं, असाही एक किस्सा सांगतात.

यांचं रीळ त्या बटणाचं नाही. यांना फिरकी फिरणारं, बेटकास्टर पाहिजे. त्यात दोरी जितकी बाहेर जाते त्याहून फिरकी जोरात फिरली की आत असा गुंता होतो की कात्रीशिवाय इलाज नाही. लोहचुंबकाचा ब्रेक असतो, तरी खरा ब्रेक म्हणजे फिरकीवरचा अंगठा. तो सवयीनंच येतो. यांनी गुंता सोडवायला रीळ उघडलं, आणि आतली टाचणीएवढी स्प्रिंग टुणकन उडाली ती फ्रिजखाली. मी, हे, चिंटू, तिघं टॉर्च घेऊन जमिनीवर. तेव्हा हे आपले तुमच्या आवाजात म्हणाले, "घड्याळ उघडणारे शंभर, मिटणारा एक." सापडली स्प्रिंग. मिटलंही रीळ.

आता कायदा ऐका. मासा धरायला सरकारी परवाना लागतो, गोड्या पाण्याचा ३० डॉलर, आणि नेहमीचा परवाना कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतो. सतरा वर्षांच्या आतल्या मुलांना लागत नाही. म्हणजे चिंटू काठी धरू शकतो, मी नाही. १ जानेवारी १९३१ पूर्वी जन्मलेल्यांनाही माफ आहे. थोरल्या आत्याबाई बसतील यात, पोलिस ॲक्शनच्या वेळी त्या नांदायला आलेल्या होत्या ना? दाखला कुठून आणायचा तेवढं बघा.

पण खरी गंमत पुढं आहे. दीड तासावर लेक फोर्क म्हणून धरण आहे, १९८० मधलं, सत्तावीस हजार एकर पाणी. टेक्सासचा सगळ्यात मोठा बास १९९२ मध्ये तिथंच मिळाला, सव्वाआठ किलोचा. तिथला नियम: १६ इंचांपर्यंतचा बास घरी न्या, २४ च्या वरचा दिवसाला एकच न्या, आणि मधला? मधला मिळाला की जागच्या जागी सोडून द्यायचा. तोंड मिटवून, शेपटी चिमटीत धरून पट्टीवर मोजायचा. मधल्यांना वाढू दिलं तर मोठे तयार होतात, असं त्यामागचं शास्त्र आहे आणि ते खरं ठरलंय. हे ऐकल्यावर यांचा चेहरा बघायला हवा होता. म्हणाले, "थोरला सापडला की धरा, धाकटा सापडला की धरा आणि मधल्याला माफी. हा नियम आईनं केलाय." आई, तुम्हीच सांगा, वाड्यातला माठ कुणी फोडला होता? मार कुणी खाल्ला? सुनीलभावजींना हा परिच्छेद मुद्दाम वाचून दाखवा.

तसे हे एकही घरी आणत नाहीत म्हणा. मी एकदा सोबत गेले होते. बराच वेळ काठी बाजूला ठेवून हे नुसते पाण्याकडं बघत होते. मग म्हणाले, "आपल्याकडं नळ कितव्या दिवशी येतोय सध्या?" मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही इथं टीव्हीसमोर बसून होतो, ते मला आठवलं. मी आपलं चिडवलं, लिंबोटी धरण आमच्या नांदेड जिल्ह्यात आहे, शेवटी उदगीरकर आमचंच पाणी पितात. एरवी यावर भांडण होतं. त्या दिवशी झालं नाही.

आणि आण्णा, एक सांगायचं राहतंय. भावजींनी दुकान मोबाइलच्या कव्हरवाल्याला भाड्यानं द्यायचं ठरलं म्हणून कळवलं, त्याच आठवड्यात यांनी ती पहिली कांडी मागवली. मला काही बोलले नाहीत. बरोबरच आहे निर्णय, तुमचे डोळे आता ते काम करणार नाहीत, आणि चावीचं घड्याळ घेऊन चौबाऱ्यात येतंय कोण? पण रात्री हे त्या दिव्याखाली मान वाकवून बसले ना की जीभ तुमच्यासारखीच ओठाच्या कोपऱ्यात येते. मी आपली भांडी लावते.

म्हणून एवढं करा. दुकान कुणालाही द्या, पण खणातली आयग्लास, बारीक चिमटे आणि पेचकसांचा पत्र्याचा डबा भंगारात जाऊ देऊ नका. येसराबरोबर पाठवा, दुहेरी पिशवीत. दुकानातल्या टेबलाचं मात्र यांच्यापुढं काढू नका, हे त्याचं जहाजाचं भाडं विचारून येतील.

येळवसला आमच्या नावानं आंबील प्या. भज्जीचा फोटो पाठवू नका, सहन होत नाही.

तुमची
सूनबाई

ता. क. : नंदाताईंच्या पिंकीच्या लग्नाची तिकिटं काढली. काठी दोन तुकड्यांची आहे, बॅगेत मावते, असं हे आत्तापासूनच म्हणायला लागलेत. तिरूच्या तलावात मरळ आहे म्हणे. हळदीच्या दिवशी नवरीचा मामा तलावावर सापडला तर मला बोलायचं नाही.