शेळीनं नाकारलेला, सोसायटीनंही

अडुळशाचा गुन्हा एकच: त्याला कुणाची गरज पडत नाही. पावसाच्या तोंडाला दोन वितींचे जून फाटे हात-हात अंतरावर खोचायचे. पाणी तुंबलं नाही की झालं, मुरमाड जमीनही त्याला चालते. दोन-तीन वर्षांत कमरेच्या वर दाट, बारमाही हिरवं कुंपण उभं. पाल्याला असा उग्र दर्प, की जिला निवडणुकीची पोस्टरंही वर्ज्य नाहीत ती शेळीसुद्धा हुंगून पुढे जाते. म्हणून तर जुन्या लोकांनी तो परसाच्या कडेला नि बांधावर लावला. थंडीत पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात, त्यांचंही बिल लागत नाही.

आता अशा झाडावर कुणाचं पोट भरणार? सोसायटीच्या सुशोभीकरणात तो पहिल्याच फेरीत बाद. तिथे मान पिवळ्या पानांच्या डुरांट्याला. पाहुणा मूळचा अमेरिका खंडातला. त्याला सारखी कात्री लागते, कात्रीला माळी, माळ्याला कंत्राट, कंत्राटाला तीन कोटेशनं, आणि कोटेशनं उघडायला सभा. एखादा हंगाम छाटणी हुकली की पिवळ्या मण्यांचे घोस लोंबतात, बरोबर पोरांच्या हाताच्या उंचीवर. फळ विषारी आहे, ही सूचना मात्र फलकावर नसते. फलकावर 'फुले तोडू नयेत' असतं.

मग डिसेंबर उजाडतो आणि अख्खी सोसायटी खोकू लागते. औषधाच्या दुकानातून बाटली येते. लेबल वाचा, बऱ्याचदा ब्रोमहेक्झिन सापडेल. अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं, त्याच्यावरून बेतलेलं हे औषध बोरिंगर इंगेलहाइम या जर्मन कंपनीनं 1960 च्या दशकात बाजारात आणलं. शरीरात त्याचं अँब्रोक्सॉल होतं. तेही वेगळ्या बाटलीत, वेगळ्या किमतीला मिळतं. म्हणजे आजोबांना फाटकाबाहेर काढायचं आणि नातवंडांना चमच्या-चमच्यानं विकत घ्यायचं. आयुर्वेदाचा अभिमान व्हॉट्सअॅपवर, अडुळसा कचऱ्याच्या गाडीत!

लगेच पाला ओरबाडून काढे उकळू नका. व्हॅसिसीननं गर्भाशय आकुंचन पावतं, गरोदर बाईनं तर अडुळशाच्या वाटेला जाऊच नये. खोकल्यासाठी डॉक्टर आहेत. मी कुंपणाबद्दल बोलतोय.

तर येत्या आषाढात गावाकडून चार फाटे मागून आणा. अडुळशाच्या फाट्याला कुणी नाही म्हणत नाही, उलट 'अजून ने' म्हणतात. सभेत विषय मांडताना खर्चाच्या रकान्यात शून्य लिहा. ठराव मंजूर होईलच, असं मात्र मी म्हणत नाही. शून्य रुपयांच्या कामाला अनुमोदक मिळणं कठीण असतं.