अळूची पानं आणि भाऊंची पट्टी

"अगं, जास्वंदीआडून काय डोकावतेस? पुढे ये. हे घे अळू, चार पानं जास्तच खुडली गेली."

"काकू, पलीकडच्या भाऊंचं कळलं का?"

"स्टेंट टाकलीय ना? वडाळे तलावाला फेऱ्या मारताना दिसतात की."

"मारतात, पण खिशात ओमेप्राझोलची पट्टी! जळजळलं की टाक तोंडात. आणि स्टेंटसाठीची क्लोपिडोग्रेल चालूच. वहिनी दोन्ही पट्ट्या घेऊन मेडिकलमध्ये गेल्या, तर तो म्हणाला, आधी डॉक्टरांना फोन करा."

"का गं बाई? एक रक्ताची, एक पोटाची."

"लिव्हरमध्ये गाठ पडते ना दोघींची! क्लोपिडोग्रेल आपण गिळतो ती कच्चीच. तिथलं एक एन्झाइम तिला शिजवतं, तेव्हा कुठे ती गुठळ्या रोखते. ओमेप्राझोल त्या एन्झाइमलाच अडवतं. अमेरिकेच्या औषध खात्याने २००९ मध्येच बजावलंय."

"मग एक सकाळी घ्यावी, एक रात्री."

"भाऊ अगदी हेच म्हणाले! पण बारा तासांचं अंतर ठेवूनही भागत नाही. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल दिली, ती एवढी आडवी येत नाही. आणि स्टेंटची गोळी मनाने बंद करायची नाही, असा दमही भरला."

"बरं झालं. मी आपली साधी. सकाळी थायरॉइडची गोळी, मग चहा, आणि चहाने जळजळतं म्हणून त्या गुलाबी औषधाचे दोन चमचे."

"लगेच? अहो काकू, चार तास तरी जाऊ द्यायचे! त्यातलं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम गोळीला पोटातच धरून बसतं. रक्तात जाणार काय?"

"तरीच मेलं ते टीएसएच उतरेना! डॉक्टरांनी डोस वाढवला आणि मी लेकाला म्हटलं, तुझ्या गोळ्याच नकली."

"डॉक्टरांना सांगितलंत, हे पिता म्हणून?"

"ते काय औषध आहे होय? त्यापेक्षा सूतशेखरच घेते. आपल्या पनवेलचं धूतपापेश्वर १८७२ सालचं, सासरे दुसरं काही घ्यायचेच नाहीत."

"त्यात शंखभस्म असतं, काकू. म्हणजे कॅल्शियमच. तेही थायरॉइडच्या गोळीला धरतं."

"म्हणजे सगळंच सांगायचं त्यांना? पान खाते तेसुद्धा?"

"चुना लावता ना?"

"जा बाई तू. फतफद्याला चिंच किती घालू तेवढं सांग."

"घाला हवी तेवढी. भाऊंकडे मात्र वाटी पाठवू नका."