पावती काढा

नांदगाव म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुठलं?" अमरावतीकडे नांदगाव खंडेश्वर आहे, कोकण रेल्वेवर नांदगाव रोड आहे, आणि मनमाड ओलांडून भुसावळकडे निघालेली लाइन पुढे नागपूरमार्गे थेट राजनांदगावला जाते. म्हणून इथला माणूस "नांदगाव, जिल्हा नाशिक" असं एका दमात सांगतो. एक नाव, अनेक गावं हा घोळ त्याच्या अंगवळणी पडलेला असतो.

इथल्याच एका संगणकवाल्याची फजिती मात्र उलट्या घोळानं झाली. वस्तू एक, नावं अनेक.

हे गृहस्थ शाळेत निबंधात पहिले यायचे. 'तोच शब्द पुन्हा नको' हे गुरुजींनी इतकं घोटून घेतलेलं, की एका ओळीत पाणी आलं की पुढच्या ओळीत जल आणि तिसरीत नीर. पुढे त्यांनी एका कांदा अडत्यासाठी काटापट्टीपासून हिशेबपट्टीपर्यंतचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि हौसेनं ४० पानांची मराठी माहितीपुस्तिकाही. त्यात चुकलेली नोंद पान ३ वर 'पुसा', पान ५ वर 'हटवा', पान ९ वर 'रद्द करा' आणि पान १२ वर, शैली खुलावी म्हणून, 'काढा'. बटणांवरही हीच श्रीमंती.

तिसऱ्या दिवशी मुनीमकाकांचा फोन. "भाऊ, पुसलेली नोंद परत येते का? अन् हटवलेली कुठं जाते?"

चार शब्द म्हणजे चार कामं, हा काकांचा सरळ हिशेब. चुकीचा कसा म्हणणार? त्यांच्या धंद्यात उन्हाळी कांदा म्हणजे उन्हाळ आणि बारीक कांदा म्हणजे गोल्टी. पट्टीवर गोल्टीऐवजी 'लघुकंद' लिहून बघा, शेतकरी ट्रॅक्टर तसाच माघारी वळवेल.

खरा बार उडाला तो 'पावती काढा' या बटणानं. आपल्याकडे पावती काढली काय किंवा फाडली काय, ती हातात मिळते. ट्रॅक्टरवाला समोर उभा असताना काकांनी बटण दाबलं आणि पावती निघाली; पण निघाली ती यादीतून, कायमची. (मराठीत चित्र काढतात, दात काढतात, कर्ज काढतात आणि सर्दी झाली की काढा पितात. एवढा राबणारा शब्द बटणाला जुंपायचा म्हणजे धाडसच.)

मग गृहस्थांनी थोरामोठ्यांची दप्तरं चाळली आणि त्यांना बराच धीर आला. प्रोग्रामर कोडमधले बदल ज्यात नोंदवतात त्या गिटमध्ये बदल कायमचा नोंदवण्याआधी जिथं मांडून ठेवतात, त्या एकाच जागेला इंडेक्स, कॅश आणि स्टेजिंग एरिया अशी तीन नावं आहेत. 'गिट डिफ'ला 'कॅश्ड' जोडा नाहीतर 'स्टेज्ड', उत्तर तेच. नवशिका मात्र तीन खोल्या शोधत हिंडतो. वेबची गंमत आणखी वेगळी. कुठल्या पानावरून आलात हे सांगणारा 'रेफरर' हेडर १९९६ च्या आरएफसी १९४५ या तांत्रिक दस्तऐवजात एक 'आर' गळालेल्या स्पेलिंगनं छापला गेला, आणि आजही जगभरचे ब्राउझर तो 'आर' इमानेइतबारे गाळूनच पाठवतात. सगळे मिळून एकच चूक करतात, म्हणून गाडं चालतं. नंतर आलेल्या 'रेफरर पॉलिसी' या हेडरचं स्पेलिंग मात्र शुद्ध. आता दोन्ही पाठ करा!

इलाजही जुनाच, शब्द ठरवून टाकायचे. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या शब्दांसाठी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. १९६० साली निघालेल्या भाषा संचालनालयानं विषयवार परिभाषा कोश काढले. गृहस्थांनीही मग एका फुलस्केपवर आपला कोश मांडला. नोंद नकोशी झाली की 'हटवा'. अर्ध्यावर सोडायचं असेल तर 'रद्द करा'. कागद हवा असेल तर 'छापा'. सेव्हसाठी त्यांच्या मनात 'साठवा' होतं. आई म्हणाली, "साठवतात तो कांदा, चाळीत. अन् तिथं तो सडतोही." 'जतन करा' कायम झालं.

उरलं पुस्तिकेतलं 'काढा'. जिथं दिसेल तिथं 'हटवा' घाल, असा हुकूम त्यांनी संगणकाला सोडला आणि एका क्लिकवर काम फत्ते झालं. नवी प्रत त्याच संध्याकाळी अडतीवर पोचली.

सकाळी पुन्हा मुनीमकाका. "भाऊ, पहिल्याच पानावर लिहिलंय, नवीन माणसानं शिकण्यासाठी रोज थोडा वेळ हटवावा."

"बरं?"

"ते बटण सापडंना."