दाजी, बसा की वं!

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मॅच बघायला जाणाऱ्याने सोबत काय न्यावे, याविषयी शास्त्र स्पष्ट आहे: एक पुठ्ठा, एक टोपी, वीस रुपयांच्या शेंगा आणि दाजी सोडून कोणीही.

पहिल्या तीन गोष्टी मी कधी विसरत नाही. चौथ्या बाबतीत दर हंगामात चूक होते. दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान. तरुणपणी तालमीत घुमलेलं अंग, उंची सहा फुटांना दोन बोटं कमी, आणि आवाज असा की लाइन्समन दचकून झेंडा वर करतो. बहिणीच्या नवऱ्याचा मान मोठा असतो. आमच्या दाजींची मानही मोठी आहे आणि ती बरोबर गोलपोस्टच्या आड येते. दुसरा कोणी असता तर शर्टाला धरून खाली बसवला असता. दाजींना हात लावला तर मॅच संपायच्या आत आक्काला बातमी जाते. "चारचौघांत तुझ्या दाजींना खाली वडलंस म्हणं?" हे पुढं दिवाळीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

त्यातून आक्का दिली दुसऱ्या पेठेत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. इथल्या संघांची नावं ऐकली तर कुस्त्यांची जाहिरात वाटेल: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. पोरं तालमीच्या मातीतून उठून बॉलच्या मागं लागली, नावं मात्र मातीचीच राहिली. पेठेपेठेत जे काही आहे त्याला इथले पेपरवाले 'ईर्षा' म्हणतात, आणि एवढा नेमका शब्द मी दुसऱ्या कुठल्या खेळाच्या बातमीत वाचलेला नाही. तर दोन पेठांची माणसं, त्यात एकमेकांचे पाहुणे, एका गॅलरीत. पुढील नियम या अडचणीतून जन्मले आहेत.

नियम पहिला : पायरीची निवड. अगदी खालच्या पायरीवर बसू नये. तिथून खेळाडूंच्या पिंढऱ्या उत्तम दिसतात, पण बॉल डीच्या आत आहे की बाहेर, हे कळत नाही. मध्यरेषेच्या समोर, गॅलरीच्या अर्ध्याच्या थोडं वर बसावं. सिमेंट तापलेलं असतं, म्हणून पुठ्ठा. पुठ्ठा नसेल तर कालचा पेपर, पण उठताना आपल्या पेठेच्या संघाचा फोटो वर आलेला नाही ना, एवढं बघावं.

स्टेडियमच्या पायऱ्या बांधणारे लोक एक हिशेब करतात. बसलेल्या माणसाची नजर पुढं बसलेल्याच्या टाळक्यावरून किती उंचीने निसटते, याचा तो हिशेब. नव्वद मिलिमीटर असेल तर चांगलं, साठपर्यंत चालवून घेतात. म्हणजे चार-पाच बोटं! तुमच्यात आणि मॅचमध्ये सगळं मिळून एवढंच अंतर मोकळं असतं. पुढच्याने फेटा बांधला की गेलं. दाजी तर नेहमी माझ्या एक पायरी खाली बसतात. "तेवढंच ग्राऊंडजवळ," म्हणतात. बसतात, असं मी शिष्टाचार म्हणून लिहिलं.

नियम दुसरा : कॉर्नरला सावध असावे. सरळ समोर बघताना पुढचं एकच डोकं चुकवायचं असतं. कॉर्नरच्या झेंड्याकडे बघायचं तर नजर तिरकी जाते, आणि तिरक्या नजरेला डोक्यांची अख्खी रांग आडवी येते. म्हणून उभं राहण्याची साथ नेहमी कॉर्नरला सुरू होते. कडेचा एक जण अर्धवट उठतो, गुडघ्यात वाकून, 'मी काही उभा नाही' अशा बेताने. त्याच्या शेजारचा पाऊण उठतो. मग त्यांच्या मागचा पूर्ण उठतो, कारण त्याला इलाज नसतो. पाच सेकंदांत लाट शेवटच्या पायरीला जाऊन भिडते. आता सगळेच उभे. प्रत्येकाला बसून जेवढं दिसत होतं साधारण तेवढंच दिसतं, फक्त पोटऱ्या दुखतात आणि मांडीवरच्या शेंगा सांडतात.

कॉर्नर संपतो. लाट ओसरते. एक माणूस उभाच असतो.

नियम तिसरा : कारणे ऐकून घ्यावीत, वाद घालू नये. उभ्या माणसाकडे कारणांचा तोटा नसतो. गेल्या काही हंगामांत मी दाजींकडून गोळा केलेली कारणं अशी: एवढा कॉर्नर होऊ दे. एवढी फ्री किक होऊ दे. थ्रो हाय, बसतो लगेच. आता हाफ व्हायला दोनच मिन्टं ऱ्हायल्यात, बसून काय करायचं? (हे पूर्वार्धाच्या विसाव्या मिनिटाला.) पायाला मुंग्या आल्यात. पुठ्ठा तुमच्याकडं ऱ्हायला. पुढचं उभं हायत, त्यास्नी सांगा आधी. (पुढं कोणी नव्हतं.) आणि शेवटचं, ज्याच्यापुढं मी कायमचा हरलो: "पावणं, मी बसलो की आमच्यावर गोल हुतोय."

हे खोटं आहे म्हणून सिद्ध करायला एकदा मी त्यांना आग्रहाने बसवलं. चौथ्या मिनिटाला त्यांच्यावर गोल झाला. तेव्हापासून, माझं काम असतं तेव्हा मी त्यांना शेंगा द्यायच्या निमित्ताने बसवतो. हे आक्काला सांगू नये.

नियम चौथा दाजींनी वाचल्यावर वगळला आहे.

नियम पाचवा : शिव्यांची विभागणी. उभ्या माणसाला मागचे लोक शिव्या देतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो चूक आहे. उभ्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. शिव्या मिळतात त्याच्यासोबत आलेल्या बसलेल्या माणसाला. "ओ खांब, बसा की!" हा प्राथमिक टप्पा. "आरपार दिसतंय व्हय तुमच्यातनं?" हा दुसरा. तिसऱ्या टप्प्याला मागून एक शेंग येऊन डोक्यात लागते, माझ्या. मग कोणीतरी वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि अतिशय समजुतीने विचारतो, "तुमचंच मानूस हाय न्हवं त्ये?"

इथं नाही म्हणायची सोय नसते, कारण त्याच क्षणी दाजी वळून शेंगा मागतात.

मी "दाजी, बसा की वं" म्हणतो. मागच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने आणि दाजींना राग येणार नाही एवढ्या हळू. हा आवाज सरावाने जमतो. मला जमायला अकरा वर्षं लागली.

नियम सहावा : इतिहासाचा दाखला देऊ नये. मी दिला, म्हणून सांगतो. एकदा म्हटलं, दाजी, हे बसून बघायचं शहर आहे. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये युरोपच्या दौऱ्यात रोमचं कलोसियम बघितलं आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. मधोमध आखाडा, भोवतीनं वाटीसारखा चढत गेलेला उतार. कुठंही बसा, कुस्ती दिसते. आणि तुम्ही स्वतः खासबागेत दुपारपासून दिवे लागेपर्यंत मांडी मोडत नाही. मग इथंच काय होतं?

दाजींनी पहिल्यांदाच मॅचवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं. "पैलवान जितं हाय तितंच असतोय, पावणं. बॉल जाग्यावर ऱ्हातोय व्हय?"

ह्याला माझ्याकडं अजून उत्तर नाही.

दाजींच्या बाजूला आता भाचाही आहे. तो पुण्यात नोकरी करतो, रात्री-अपरात्री मोबाइलवर इंग्लंडच्या मॅच बघतो आणि सुट्टीला आला की बापाला पुरावे पुरवतो. जर्मनीत डॉर्टमुंडच्या स्टेडियमची एक अख्खी बाजू, जवळजवळ पंचवीस हजार माणसं, उभी राहून मॅच बघते. दाजींना मी म्हटलं, चला, तुम्हाला तिकडंच नेऊन सोडतो. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "तितं मागनं कोन बस म्हननार न्हाई. मग काय मज्जा?"

इंग्लंडात मात्र हा विषय चेष्टेचा नाही. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सामन्यात, उभ्याने बघायच्या जाळीबंद कप्प्यांत माणसं मावेनाशी झाली तरी आत येतच राहिली. त्या चेंगराचेंगरीने ९७ जीव घेतले. कितीतरी वर्षं दोष प्रेक्षकांच्याच माथी मारला गेला. तो त्यांचा नव्हता, हे २०१६ च्या ज्यूरीने सांगितलं. न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानंतर वरच्या दोन विभागांच्या मैदानांत सगळीकडे खुर्च्या आल्या. लोक खुर्च्यांसमोर उभे राहून मॅच बघायला लागले, ते पुढची पंचवीस-तीस वर्षं. शेवटी जानेवारी २०२२ पासून, काही मैदानांत प्रत्येक रांगेला कंबरेएवढा कठडा बसवून, रीतसर उभं राहायची परवानगी दिली. आपल्याकडं १६ ऑगस्ट १९८० ला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालची मॅच बघायला गेलेली १६ माणसं घरी आली नाहीत. तेव्हा एक नियम बिनचेष्टेचा लिहितो: पायऱ्यांवर हवं तर उभं राहा, जिन्यात आणि दाराशी राहू नका.

आणि हे लिहिताना लक्षात येतं की हा नियम मी दाजींकडूनच शिकलो. शेवटची शिट्टी वाजली, सगळी गॅलरी उठून दाराकडं धावली, की दाजी बसतात. मॅचभर न वापरलेल्या पुठ्ठ्यावर, अगदी निवांत. भाचा लहान होता तेव्हा त्याला दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून बसायचे. "जाऊं द्या त्यास्नी. आपल्याला कुटं पेटलंय?" गर्दी पातळ झाली, पोलीस शिट्ट्या मारायला लागले, की मग उठायचं. जिंकलेल्या पेठेची पोरं ओरडत एका दाराने जातात, हरलेली गुमान दुसऱ्याने, आणि आम्ही दोघं पाहुणे, एक जिंकलेला आणि एक हरलेला, सगळ्यांच्या मागून.

नियम सातवा : शेंगांची टरफले खिशात घालावीत. पुढच्याच्या कॉलरमध्ये टाकू नयेत. (चुकून पडतात. चार-पाच बोटं तर अंतर असतं.)

नियम आठवा : टायब्रेकर. इथं सगळे उभे राहतात आणि कोणी कोणाला बस म्हणत नाही. बॉल एका जागी ठेवलेला असतो, मारणारा एक, अडवणारा एक. दाजींच्या सिद्धान्ताप्रमाणे ही मॅचमधली एकमेव कुस्ती. बसून बघायला हरकत नसावी. पण ह्यावेळी दाजी काय करतात? उभे राहतात आणि ग्राऊंडला पाठ करतात.

म्हणजे मला ग्राऊंड दिसत नाही, कारण पुढं दाजी. दाजींना दिसत नाही, कारण त्यांचं तोंड माझ्याकडं. त्यांना पेनल्टी बघवत नाही. ते माझं तोंड बघतात.

तीनेक वर्षांमागं आमच्या पेठेची आणि त्यांच्या पेठेची अशीच बरोबरी झाली. दाजी वळले. उजव्या हाताने स्वतःच्या कानाची पाळी धरलेली, कपाळावर घाम, डोळे माझ्या डोळ्यांत. मी त्यांच्या काखेखालून बघत होतो. पहिला आमचा. गेला आत. माझ्या चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण दाजी म्हणाले, "बसला. ओठ आवळलास." दुसरा त्यांचा, तो पण आत. "आमचा बी बसला. लपवू नगंस." चार-चार झाले. पाचवा आमचा पोरगा आला आणि बॉल थेट गोलकीपरच्या पोटात. दाजींनी माझं तोंड बघितलं. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "गेला न्हवं?"

मग त्यांचा पाचवा. मी डोळे मिटले. आता दोघांनाही काही दिसत नव्हतं. गॅलरी फुटल्यासारखी ओरडली, आणि दाजींना कळेना की कुठली बाजू ओरडली. माझे दंड धरून हलवत होते. "डोळं उघड की गा! काय झालं बघून सांग की!"

त्या दिवशीही दाजी गर्दी ओसरेपर्यंत बसले. माझ्या पेठेबद्दल एक शब्द काढला नाही. उरलेल्या शेंगा मला दिल्या.

नियम नववा : मॅचनंतरचा चहा. हा उभ्याने घ्यावा. बसल्यास रात्रीच्या जेवणाची खात्री नाही. कोपऱ्यावरच्या गाड्यापुढं एक बाकडं असतं. नव्वद मिनिटं ज्याला खाली टेकता आलं नाही तो माणूस त्या बाकड्यावर पाय वर घेऊन मांडी ठोकतो आणि मॅच पहिल्यापासून सुरू करतो. साखरेचा डबा हा गोलपोस्ट. ग्लास हे बॅक. बशी रेफरी, कारण तिला काही दिसत नाही. साडेआठला आक्काचा फोन येतो. नऊला पुन्हा येतो, ह्यावेळी मला. चहावाला स्टो विझवतो, पातेली घासतो, फडकं वाळत घालतो, आणि शेवटी येऊन समोर उभा राहतो.

"दाजी, उठा की वं. बाकडं आत घ्यायचंय."

दाजी ग्लास डाव्या कोपऱ्यात सरकवतात.

"थांब रं. एवढा कॉर्नर होऊ दे."