हेदर, राहणार गोराई

माझी मुलगी एडिंबराला असते. दर ऑगस्टमध्ये ती कुठल्यातरी टेकडीवरून व्हिडिओ कॉल करते आणि स्वतःचा चेहरा सोडून मागची जांभळी झुडपं दाखवत राहते. “बाबा, बघा, हेदर!”

गेल्या वर्षी स्वयंपाकघरातून तिची आई धावत आली. “कोण हैदर? आणि हे आम्हाला आत्ता सांगतेस?”

हैदर नव्हे, हेदर; आणि तो मुलगा नसून झुडूप आहे, हे कळल्यावर हिचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र त्या झुडपावर जडला.

गोराई-२ मधल्या आमच्या बैठ्या घरापुढे सतरंजीएवढं अंगण आहे. तिथे स्कॉटलंड वसवायचं मी ठरवलं. मुलीला म्हटलं, येताना एक रोप आण. तर म्हणे, आयातीचा परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. माणसं पासपोर्टवर सुटतात, झाडांना वैद्यकीय तपासणीही चुकत नाही.

तोवर पुस्तकी तयारी सुरू केली. हेदरचं शास्त्रीय नाव कॅल्युना व्हल्गॅरिस. यातलं कॅल्युना हे झाडण्या-पुसण्याच्या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आलं, कारण त्याच्या काटक्यांच्या केरसुण्या बांधत.

“म्हणजे इतका खटाटोप करून तुम्ही अंगणात केरसुणी लावणार,” ही म्हणाली. “बरं आहे, लक्ष्मीपूजनाला होईल.”

हेदरला गरिबी मानवते. माती निकस हवी, पाणी तुंबता कामा नये, खताचे लाड नकोत आणि सामू ४.५ ते ५.५, म्हणजे माती चांगली आंबट हवी. आमची जमीन भरणीची. हातभर खणलं की विटांचे तुकडे, गिलाव्याची ढेकळं आणि शिंपले निघतात, चुनाच चुना. तिथे आंबटपणा फक्त शेजाऱ्यांच्या बोलण्यात. म्हणून कुंडी आणली, कोकोपीट आणि वाळू भरली आणि रस्त्याकडेच्या नर्सरीत गेलो.

“हेदर है?” मी शक्य तितक्या स्कॉटिश उच्चारात विचारलं.

“है ना साब. मेक्सिकन हेदर. चालीस का एक.”

मेक्सिको ऐकून मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण चाळीस रुपयांत परदेश म्हटल्यावर पालीचं कोण ऐकतो?

रोपाला मी पुस्तकाबरहुकूम गरिबीत ठेवलं. खत बंद. पाण्यात लिंबू पिळलं, मग व्हिनेगर, शेवटी आमसुलाचं पाणी. “सोलकढी माणसांना पुरत नाही इथे,” हा घरचा शेरा. जुलैचा पाऊस कोसळला तेव्हा कुंडीवर छत्री धरून उभा राहिलो. रोप पिवळं पडत गेलं.

आणि गणपतीच्या सुमारास चमत्कार झाला. रोप हिरवंगार, वर जांभळ्या फुलांची नुसती खसखस पिकलेली! सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना थांबवून मी गरिबीचे फायदे सांगू लागलो. चौथ्या दिवशी लोकांनी रस्ता बदलला.

मग एका रविवारी हिला कुंडीपाशी रंगेहाथ पकडलं. हातात बोंबील धुतलेल्या पाण्याचं पातेलं.

“हे कधीपासून?”

“तुम्ही त्याला उपाशी मारायला घेतलंत तेव्हापासून.”

उरलेलं स्कॉटलंड शेजारच्या मुलीनं बुडवलं. ती वनस्पतिशास्त्र शिकते. “काका, हे हेदर नाहीच. कुफिया आहे. दिसायला तसं म्हणून नाव चिकटलंय. हे मेंदीच्या कुळातलं. डाळिंब, आपलं राज्यफूल तामण, खाडीतली चिप्पी, सगळे याचे भाऊबंद.”

चिप्पी म्हणजे खारफुटी. तिच्यातल्या पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राने राज्याचा कांदळवृक्ष ठरवलं, तेही मी पेपरात वाचून रद्दीत टाकलं होतं. जेट्टीवर बोटीची वाट पाहताना ज्या चिखलातल्या झाडांकडे पाहून आयुष्यभर नाकाला रुमाल लावला, त्यांच्याच भाचीला मी चाळीस रुपये मोजून परदेशी पाहुणी म्हणून घरी आणलं होतं. आणि तिला आमसूल पाजत होतो. तिला हवं होतं बोंबलाचं पाणी! माहेरचं वळण, दुसरं काय?

परवा मुलीचा फोन आला. हेदरचा विषय निघू नये म्हणून मीच विचारलं, “तुझा कढीपत्ता कसा आहे?” हीटरशेजारच्या खिडकीत तिने एक लावलाय.

“चार पानं आहेत, बाबा. फोडणीला तोडवत नाहीत.”

हिने फोन हिसकावून घेतला. “आंबट ताक घाल गं, पाणी घालून.”

“म्हणजे माती आम्लधर्मी!” मी ओरडलो.

“आम्लधर्मी नाही. ताक.”

कुंडीवरची ‘हेदर’ ही पाटी मी अजून काढलेली नाही. फक्त बोंबलाचं पाणी घालताना तेवढी उलटी करून ठेवतो. स्कॉटलंडची बदनामी नको.