सुपारी, इसार आणि इतर खर्च

पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव एरवी टोमॅटोच्या बाजारासाठी नावाजलेलं. गुढीपाडवा जवळ आला की तिथं आणखी एक बाजार बसतो, त्यात मात्र तराजू नसतो. तमाशाचे फड ओळीनं राहुट्या ठोकतात. दारावर फडाच्या नावाचा रंगीत फलक. आत टेबल, चार-सहा खुर्च्या, देवाचा फोटो, उदबत्ती आणि मॅनेजरच्या कोपराखाली दाबून धरलेली तारखांची वही. चैत्र-वैशाखात आसपासच्या गावोगावी यात्रा भरतात. त्यांतल्या कितीतरी गावांची करमणूक या वहीत ठरते.

जीपमधून सात माणसं उतरतात. पाच टोप्या, एक फेटा आणि एक गॉगल. गॉगल म्हणजे यात्रा कमिटीतला तरुण वर्ग.

"या, बसा पाटील. गाव कुठलं? यात्रा कधीची?"

प्रश्न साधा वाटतो, पण सगळी मेख त्यातच. कालाष्टमी, चैत्र पौर्णिमा अशा तिथींना एकाच रात्री ढीगभर गावांच्या यात्रा, आणि फड मोजके. त्या रात्रींचा भाव चढा. आडतिथीला तोच फड, तोच वग, तोच सोंगाड्या बऱ्याच कमी पैशात येतो. त्यामुळे जीपमध्येच एकमतानं ठरलेलं असतं, की काही झालं तरी तिथी फोडायची नाही.

"आधी आकडा सांगा, मग तिथी सांगतो."

"तिथी कळल्याबिगर आकडा कसा सांगू, अण्णा?"

"सोमवार धरा."

"कुठला सोमवार?"

सगळे छताकडे बघतात. इतका वेळ गप्प बसलेला फेटा मात्र अभिमानानं बोलून जातो, "आमच्या भैरोबाची यात्रा म्हंजे अष्टमीच हो, पिढ्यान् पिढ्या!"

मॅनेजर वही मिटतो आणि चहा सांगतो. राहुटीत चहा आला की भाव वर गेला असं समजावं.

पुढं तासभर घासाघीस. वग कोणता, बाया किती, सकाळची हजेरी धरून की सोडून. (रात्रीचा तमाशा झाला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी फडानं गावापुढं पुन्हा हजेरी लावायची, ही या भागातली रीत. ती सोडून द्यायला कुठलीच कमिटी तयार नसते.) गॉगल मध्येच "नव्या पोरी किती?" असं विचारतो आणि फेटा त्याच्याकडे नुसतं बघतो. त्यानं विठाबाईंना बोर्डावर पाहिलेलं असतं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. दिवस भरलेले असताना तमाशाला उभ्या राहिल्या, कळा आल्या तशा मागं जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या, ही हकिकत इथं चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळते. राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा सन्मान झाला. 2002 साली त्या गेल्या, त्या हलाखीतच. गॉगल पुढं काही विचारत नाही.

शेवटी आकडा जुळतो, कागद होतो, सह्या होतात. इसार फोनवरून धाडू, असं गॉगल सुचवतो. फेट्याला ते पटत नाही. तो बंडीच्या आतल्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढतो आणि थुंकी लावून नोटा मोजतो. मग मॅनेजर मोजतो. मग पुन्हा फेटा.

हीच सात माणसं ग्रामसभेला हुडकून सापडत नाहीत. ग्रामसभेला कायद्यानं गणपूर्ती लागते: मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 माणसं, यांत जो आकडा लहान असेल तो. तेवढीही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे पुढचा कारभार सुरळीत पार पडतो. 1 मेची ग्रामसभा तर यात्रांच्या हंगामातच येते. तिला जमलेल्यांत निम्मे जण शेजारच्या गावच्या कुस्त्यांना निघालेले असतात आणि सावली बघून टेकलेले असतात. यात्रेच्या बैठकीला नोटीस लागत नाही. देवळातून स्पीकरवर एक हाक, की पायऱ्यांवर बसायला जागा नाही. नळयोजनेच्या लाखोंना गाव दोन मिनिटांत हात वर करतं. पाळणेवाल्याकडून जागेचं भाडं किती घ्यायचं, यावर रात्रीचे बारा वाजतात. लोकांना नळाचं कळत नाही असं नाही. पाळण्याचं जास्त कळतं.

वर्गणी घरटी ठरते आणि मुंबईकरांकडून सढळ अपेक्षिली जाते. मुंबईचे डबेवाले बहुतेक याच पट्ट्यातले: जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले. एप्रिलात ते काही दिवस सुट्टी घेऊन गावी येतात. त्या दिवसांत फोर्टातल्या साहेबाला कँटीनची उसळ का खावी लागते, याचं उत्तर अष्टमीच्या भैरोबापाशी आहे.

यात्रेत धंदा असा, की वर्षभर उधारी लिहिणारा किराणावालाही रोखीत हसतो. गोडीशेव, रेवड्या, बांगड्या, प्लास्टिकचे गॉगल. बैलगाडा घाटात धुरळा. सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये राज्याचा कायदा ग्राह्य धरला. ही सनावळी गाडामालकाला पोराच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ असते. दुपारी कुस्त्यांचा आखाडा: सुरुवात पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीनं, शेवट मोठ्या इनामानं, आणि मधला वेळ पुढाऱ्यांच्या सत्काराला. पैलवान लंगोटावर ताटकळतात. फेटे बांधणाऱ्याचे हात दुखून येतात.

आणि आवाज! नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांची कुजबुज टिपतात. तिथून थोड्याच अंतरावर, यात्रेच्या स्पीकरखाली बसलेल्या माणसाला मांडीला मांडी लावून बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियम. पालखीचा छबिना निघून परत यायलाच नऊ वाजतात. गण, गवळण, बतावणी होईतो दहा. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा वग आता राजा सिंहासनावर बसतो न बसतो तोच संपतो, आणि पुढं राज्याचं काय झालं ते प्रेक्षकांनी घरी जाता जाता ठरवायचं असतं.

आठवड्यानं हिशेबाची बैठक भरते. खजिनदार वही वाचतो. सुपारी, मांडव, कुस्त्यांची इनामं, फेटे, नारळ, सगळं बिनबोभाट मंजूर. मग येतं 'इतर खर्च'. पारावर एकदम शांतता.

"इतर म्हंजे?" मागून कुणीतरी विचारतो.

"इतर म्हंजे किरकोळ."

"किरकोळचे एवढे?"

फेटा घसा खाकरतो. राहुटीतल्या त्या तासाभरात मॅनेजरनं चहा फक्त सांगितला होता, सात जणांचे पैसे कमिटीनंच दिले होते, हे त्याला आता आठवतं. पण बाकीचं आठवत नाही. खजिनदार माणसं मोजतो. अकरा. त्याचा चेहरा उजळतो. तो पूर्वी ग्रामपंचायतीचा सदस्य होता.

"गणपूर्ती नाही," तो वही मिटत म्हणतो. "सभा तहकूब. हिशेब आता पाडव्याला."